गुलगुल्यांचं पीठ

लटारूनं देवापुढं बेल उचलून सिंदी पिणं सोडलं, त्याला आज वर्ष झालं, म्हणून त्याच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, साऱ्या आळीला गुलगुल्यांचं आवतन दिलं होतं. पण पोंभुर्ण्याच्या बाजारात सोड्याची पुडी मिळाली नाही, ताक घालावं तर म्हैस आटलेली, आणि सकाळी भिजवलेलं पीठ काही केल्या फुगेना. चारदा झाकण उघडून पाहिलं, चारदा आपटून ठेवलं. सोडा नसला की तिची आई पिठात घोटभर सिंदी घालायची. पण आजच्या दिवशी, ह्याच गुलगुल्यांत?

शेवटी पदराआड वाटी धरून ती गावाबाहेर सिंदी काढणाऱ्या इस्तारीकडे गेली.

"घोटभर द्या, भाऊ. पिठात घालाले पाह्यजे. पण आमच्या घरी सांगू नका, तुमाले शपथ हाय."

इस्तारीनं वाटी काठोकाठ भरली.

"मी कोनाचं कोनाले सांगत नाई, बाई. अन् लटारूभाऊचा रोजचा तांब्या येगळा काढून ठेवला हाय, त्याईले कमी पडनार नाई."