चंद्र नसलेली संकष्टी

प्रॉक्सिमा-बी ग्रहाला चंद्रच नव्हता, आणि तांबडा सूर्य क्षितिजावरून कधी हलत नसे. म्हणून मृदुलाचा संकष्टीचा उपास पृथ्वीवरून येणाऱ्या विजूताईच्या निरोपावर सुटायचा: "चंद्र उगवला गं, आता जेवून घे." निरोपाला वाटेत सव्वाचार वर्षं लागत, पण महिन्याच्या महिन्याला तो न चुकता येई.

आज मोदक गार झाले तरी निरोप नव्हता.

"राहिला असेल पाठवायचा," शेजारचे पराडकर दारातून म्हणाले. "जेवून घ्या."

"ताई जिवंत असताना विसरायची नाही," मृदुला म्हणाली, आणि आपणच काय बोललो ते तिला ऐकू आलं.

तिनं ताट झाकलं. सव्वाचार वर्षांपूर्वीचं सुतक आता कधीपासून धरायचं? असलं काही ती नेहमी ताईलाच विचारायची.