रंगवलेले खड्डे

चालक नसलेला ट्रक वेशीवर थांबला आणि आजही माघारी फिरला. अंजिरांच्या पाट्या रचून बसलेली सगुणा मागे धावली. "थांबा हो! रस्ता धड आहे!" पण आत ऐकायला कुणी नव्हतं.

युद्धात तिच्या सासऱ्यांनी, केरबा पेंटरांनी, डांबरावर हुबेहूब खड्डे रंगवले होते. रस्ता आधीच उडवलाय असं समजून शत्रूची विमानं परत गेली, गाव वाचलं. तह झाल्यावर गावाने रंग खरवडून काढला. पण ट्रकच्या नकाशात खड्डे तसेच होते, आणि एखादा ट्रक त्या रस्त्याने गेल्याशिवाय नकाशा बदलणार नव्हता.

पाट्यांवरच्या माशा हाकलत केरबा म्हणाले, "सूनबाई, विमानात निदान माणूस होता. त्याला सांगितलं असतं, तर पटलं असतं."