खारा वास

नव्वद किलोचा मोरेश्वर बोईसरच्या रिंगमध्ये स्टुलावर बसला होता आणि त्याचे गुडघे एकमेकांशी बॉक्सिंग खेळत होते. आठ महिन्यांत तो तालुक्यातून थेट राज्यात दुसऱ्या क्रमांकावर पोचला होता. त्यामागचं गुपित फक्त मायलेकांनाच ठाऊक होतं. आई त्याचे घामेजलेले ग्लोव्हज बोंबील सुकवायच्या वलांडीवर टांगायची. वास आला की समोरचा तोंड फिरवायचा, आणि मोरेश्वर फिरलेल्या तोंडावर ठोसा हाणायचा. स्वतः त्यानं अजून एकही खाल्ला नव्हता. "घाबरतस कशाला, मोऱ्या?" खालून आई ओरडली. "ग्लोव्हज दोन दिस सुकवलेत!" पंचांनी नाकाला रुमाल लावून दोघांना जवळ बोलावलं. अंतिम फेरीतल्या प्रतिस्पर्ध्यानं मोरेश्वरचे ग्लोव्हज नाकाशी धरून, डोळे मिटून खोल श्वास घेतला. "बोंबील! आमच्या हर्णैलापण असेच सुकवतात. घरची आठवण आली बघ." त्यानं तोंड फिरवलंच नाही. घंटा वाजली.