बाबांचा शब्द

यंदाही समुद्र वेळेवर गोठला नाही आणि लाटा उंबऱ्याशी आल्या. गाव मागच्या टेकडीवर हलवायचं का, म्हणून सभेत हात वर होत होते. असियाकचा हात काही उठेना.

"हात गोठला की काय गं तुझा?" शेजारी बसलेल्या आत्याने टोमणा मारला.

"आत्या, हा किनारा सोडू नका, असं बाबा जाताना बजावून गेलेत."

बाबा गेले आणि रीतीप्रमाणे त्यांचं किलिग्वाक हे नाव तिच्या तान्ह्याला दिलं. नाव आलं म्हणजे माणूसच परत आलं. घरात त्या बाळाला सगळे 'बाबा'च म्हणत.

पाठीवर बाळ कुरकुरलं. तिने त्याला पुढे घेतलं, गालाला नाक टेकवलं आणि हळूहळू हात वर केला.

"रागावू नका, बाबा. तेव्हा तुमचे चार दिवस उरले होते. आता अख्खा जन्म काढायचाय तुम्हाला."