सीडीवरची वाफ

टाकव्याच्या दूध केंद्रावर सकाळी कॅनांची रांग लागली आणि फॅट मोजायच्या मशीनचा कॉम्प्युटर बंद पडला. सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची सीडी एकच होती, तीही ओरखड्यांनी भरलेली. अर्ध्यावर जाऊन अडकायची.

केंद्र सांभाळणाऱ्या स्नेहलनं सीडी काढली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, ओढणीनं मधून कडेकडे पुसली. पुन्हा अडकली.

"दूध नासंल गं पोरी," रांगेतले गोरखआबा दारातून म्हणाले.

तिसऱ्यांदा ट्रे उघडला, तेव्हा सीडीवर आधीच वाफ धरलेली होती. आतून कुणी नुकतंच 'हाऽ' केल्यासारखी. तिनं पुसली. वाफेबरोबर एक लांब ओरखडा निघून गेला.

मग ती नुसता ट्रे आत ढकलायची, बाहेर आला की पुसायची. सातव्या खेपेला सीडी नितळ झाली, सॉफ्टवेअर पुरं चढलं, रांग हलली. एक थेंबही नासला नाही.

सगळे गेल्यावर स्नेहलनं कॉम्प्युटरला हात जोडले. "लय उपकार झाले," ती हळूच म्हणाली.

ट्रे आपणहून उघडला. तिच्या मनगटावर, लहानपणी विळा लागलेल्या व्रणावर, ऊन वाफ आली.

तिनं हात मागं घेतला नाही. दुसऱ्या हातानं ओढणीचं टोक उचललं.