नोलीनचा आकडा

शेजाऱ्याने डेस्लीला फाटकाशी सोडलं, तेव्हा तिची धाकटी बहीण नोलीन शिडीवर होती. शिडी आंब्याला टेकलेली, नोलीनचा एक हात फांदीवर, दुसरा पानांत खोल गेलेला. ती शीळ घालत होती.

डेस्ली काठीवर भार टाकून बघत राहिली.

सकाळीच दोघी फोनवर बोलल्या होत्या. गेल्या वर्षी नदीकाठी एकाच तंबूत दोघींना डास चावले आणि एकच ताप आला. ताप गेला, पण अंगातलं त्राणही घेऊन गेला. खात्रीचं औषध नाही, एकेक करून बघा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून दोघी एकच औषध एकाच दिवशी सुरू करायच्या, आणि दहापैकी आज अंगात ताकद किती, ते रोज सकाळी एकमेकींना सांगायच्या. आज डेस्लीचे तीन होते. "माझेही तीनच गं," नोलीन म्हणाली होती.

"तीनवाली बाई झाडावर चढते होय?" डेस्लीने विचारलं.

शीळ थांबली. नोलीन उतरली. उतरताना तिने उगीचच गुडघा धरला.

"ते नाटक राहू दे. कधीपासून?"

"ईस्टरनंतर."

"म्हणजे तेव्हा सुरू केलेली ती पांढरी गोळी. पण ती तर आपण जूनमध्ये बंद केली."

नोलीनने बोटाला लागलेला चीक हाफपँटला पुसला. "तू केलीस."

पलीकडच्या बागेत ट्रॅक्टर सुरू झाला आणि दूर गेला.

"तू दिवसदिवस पडून असायचीस, डेस. तुला रोज सकाळी सात, आठ असं कुठल्या तोंडाने सांगू? मला बरं नाही वाटलं ते."

"तुला बरं वाटलं, तेच तर लपवलंस." डेस्लीचा आवाज चढला नव्हता. "मला गुण नाही, तुलाही नाही, म्हणजे गोळीतच दम नाही, असं मी धरलं. तुझे आठ कळले असते तर मी सोडली नसती. आणखी दोन महिने कळ काढली असती. डोस वाढवून पाहिला असता."

"कदाचित तरीही तुला लागू पडली नसती."

"कदाचित. ते आता कळायचं कसं?"

नोलीनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने पुसलं नाही.

"रडायचं नंतर बघ," डेस्ली म्हणाली. "आधी खुर्ची आण. माझे पाय गेलेत."

नोलीन व्हरांड्यातून लाकडी खुर्ची घेऊन आली, एका हातात, जवळजवळ पळत. डेस्लीची नजर त्या हातावरच होती. ती बसली, काठी मांडीवर आडवी ठेवली.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," नोलीन म्हणाली. "गाडी मी चालवते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू."

"करू. आता आजचा खरा आकडा सांग."

नोलीन पुटपुटली, "नऊ."

डेस्लीने मान हलवली. मग झाडाकडे बोट केलं. "चढ."

"काय?"

"चढ परत. नऊ कसे असतात ते मला बघू दे."

नोलीनने शिडीला हात घातला. एक पायरी चढली, थांबली. दुसरी चढली, थांबली.

"तशी नको," खालून डेस्ली म्हणाली. "मी नसताना चढतेस तशी चढ."