पुरेसं लाओ

ड्रायरचा बझर वाजला आणि कॅलिफोर्नियातल्या आमच्या सनीव्हेलच्या घरातली शनिवार दुपारची शांतता मोडली. मी लाओ भाषा किती शिकायची, ते ठरवत बसले होते. आम्ही दोघं ऑफिसात असताना आमच्या चार वर्षांच्या वल्लरीला स्वतःच्या घरी सांभाळणाऱ्या बूनमी आजी लाओसच्या, इंग्रजी जेमतेम. वल्लरी मात्र त्यांच्याशी लाओत तासन् तास बडबडते, खिदळते.

"चार प्रश्न पुरेत यार," माझा नवरा परीक्षित म्हणाला. "जेवली का, झोपली का, शी झाली का, ताप आला का. तुला काय लाओसचं ग्रीन कार्ड हवंय?"

पटलं. पुण्याहून सासूबाईही व्हिडिओ कॉलवर रोज एवढंच विचारतात, आणि त्यांना तर मराठी पूर्ण येतं.

सोमवारी संध्याकाळी वल्लरीला आणायला गेले तेव्हा मी आजींना चारही प्रश्न लाओत न अडखळता विचारले. चारही उत्तरं कळली. स्वतःवर भलतीच खूश होऊन मी गाडीत वल्लरीचा सीटबेल्ट लावत होते.

"आई, तू आजीला फक्त माझी पॉटी विचारतेस," ती म्हणाली.

मग तीच पुढे म्हणाली, "मी तिला एव्हरीथिंग सांगते. तू ते का नाही विचारत?"